वाट बघण्याची वही: 9 तास 20 मिनिटं कोणत्या रकान्यात टाकू?

वाघबीळकर | 1 डिसेंबर 2025, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

नोव्हेंबरभर मी एक उद्योग केला. खिशात छोटी वही ठेवली आणि जिथे जिथे वाट बघावी लागली तिथली मिनिटं लिहून काढली. लिफ्ट, रिक्षाची रांग, कापूरबावडीचा सिग्नल, गाडी, दवाखाना, सगळं. बायको म्हणाली, "लिहिण्यात जाणारा वेळ कुठे लिहितोस?" असो.

माझं रोजचं असं: राहायला वाघबीळ, ऑफिस घणसोलीला. साडेनऊला पंच. घर ते ठाणे स्टेशन एरवी पाऊण तास. पण घोडबंदर रोडचं काय सांगता येतं? पातलीपाड्याला एखादा ट्रेलर बंद पडला, गायमुखला काही झालं की एक तास वीस मिनिटं. म्हणून मी रोज पावणेआठला निघतो. साडेआठला स्टेशन, नऊ नंबर फलाटावरून पनवेल नाहीतर वाशी लोकल, जी लागेल ती, आणि नऊच्या ठोक्याला ऑफिसच्या दारात. वर अजून लादी पुसत असतात. मग खाली टपरीवर उभा.

महिन्याअखेरीस बेरीज केली. कामाचे दिवस 19. त्यातले दोन दिवस लेट झालो (एक 17 तारखेचा, सीएनजीचा गोंधळ झाला तो). दोन्ही मिळून उशीर 55 मिनिटं. उरलेले 17 दिवस वेळेआधी पोहोचलो, ती सगळी मिनिटं मिळून 9 तास 20 मिनिटं, म्हणजे दिवसाला साधारण 33.

मी वही काढली होती उशीर मोजायला. निघालं भलतंच. आता हे 9 तास 20 मिनिटं मी कुठे मांडू? गाडी लेट नव्हती, सिग्नलला अडकलो नव्हतो, कुणी मला थांबवलं नव्हतं. तरी गेले ते गेलेच. तुमचं असं किती जातं?

---

शिस्तप्रिय | 1 डिसेंबर, रात्री 10:40

याला वक्तशीरपणा म्हणतात. लवकर पोहोचून चहा पिताय, त्याचीही तक्रार? आमच्या वेळी साहेबाच्या आधी पंधरा मिनिटं टेबलावर असायचो.

---

सहावा_डबा | 1 डिसेंबर, रात्री 10:51

@शिस्तप्रिय, पंधरा मिनिटं आपल्या मर्जीने आधी जाणं आणि तेहतीस मिनिटं धास्तीने आधी जाणं एकच का हो?

अवांतर: 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा स्टेशनात गर्दी होती म्हणे. म्हणजे 34 किलोमीटर अंतर आणि ठाणेकर फलाटावर वाट बघतोय, हे चित्र पहिल्या दिवसापासूनचं आहे. :)

---

रिबिनवाली | 1 डिसेंबर, रात्री 11:25

वाघबीळकर, तुमचं सकाळचं आहे, माझं संध्याकाळचं.

ऑफिस महापे, मुलगी कोपरखैरण्याला पाळणाघरात. पाळणाघर सातला बंद. त्यानंतर दर पंधरा मिनिटांना 50 रुपये, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे ताईंचा चेहरा. त्यांनाही घर आहे, त्यांचं चुकत नाही. महापेहून कोपरखैरणं म्हटलं तर वीस मिनिटं. पण शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबा, पुलाखाली तुंबा, कधी तास लागेल नेम नाही. म्हणून मी पावणेसहाला उठते. साधारण सव्वासहाला पोहोचते. म्हणजे पाऊण तास हातात धरलेला असतो, तो ऑफिसच्या खात्यातून जातो. अप्रेझलच्या वेळी साहेब म्हणाले, "तुम्ही रोजच लवकर निघता." रोजच. तुमचं निदान लवकर येणं दिसतं तरी, माझं लवकर जाणं दिसतं.

एकदा तरीही 7:35 झाले होते. लेक बूट घालून, सॅक पाठीला लावून दाराजवळच्या स्टुलावर. बाकी मुलं गेलेली, खेळणी टोपलीत भरून ठेवलेली. रडली वगैरे नाही. मला म्हणाली, "आई, लिफ्ट अकरा वेळा आली."

त्या दिवसापासून मी पाच मिनिटं आणखी आधी निघते.

---

आळशी_बोका | 1 डिसेंबर, रात्री 11:31

लिफ्ट अकरा वेळा आली... वाचून तुटलं काहीतरी.

---

चौकट_राजा | 2 डिसेंबर, सकाळी 7:58

(ट्रान्सहार्बर लोकलला दारात उभा राहून टंकतोय, चुका पोटात घाला.)

वाघबीळकर, तुमच्या 33 मिनिटांमागे गणित आहे. वाहतुकीचा अभ्यास करणारे लोक रस्त्याची सरासरी वेळ बघून थांबत नाहीत, वीस दिवस चांगल्याकडून वाईटाकडे लावले तर एकोणिसावा किती वेळ खातो तेही बघतात. तुमची सरासरी 45 मिनिटं, वाईट दिवस 80. फरक 35. महिन्यातून एखादाच लेटमार्क परवडत असेल तर हा फरक रोज खिशात ठेवून निघावं लागतं. तुम्ही वहीत जे मोजलंत ते जवळजवळ हेच. रस्ता तुम्हाला रोज 35 मिनिटं खर्च करायला लावतो आणि वापरतो महिन्यातून एकदा.

आणि रस्ता असा लहरी का होतो? समजा एक काउंटर आहे, माणशी सरासरी तीन मिनिटं लागतात, लोक आपल्या मर्जीने कधीही येतात. काउंटरवाला 80 टक्के वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी 12 मिनिटं थांबावं लागतं. 90 टक्के झाला की 27. 95 टक्के झाला की 57. काम वाढलं पाच टक्के, वाट बघणं वाढलं दुप्पट. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाच्या माणसाने 1909 पासून या असल्या हिशेबांना सुरुवात केली. तेव्हा प्रश्न होता फोनच्या तारा किती टाकायच्या. रस्ता म्हणजे काही हुबेहूब काउंटर नव्हे, पण घोडबंदर सकाळी आठला त्या 95 च्याही पुढे असतो, म्हणून एक ट्रेलर बंद पडला की अकरापर्यंत निस्तरत नाही.

बसचंही तसंच. तासाला सहा बस, दर दहा मिनिटांनी एक आली तर सरासरी पाच मिनिटं थांबता. त्याच सहा बस दोन-दोनच्या जोडीने वीस मिनिटांनी आल्या तर दहा. डेपोच्या कागदावर दोन्ही दिवशी सहाच बस. थांब्यावर मात्र

रबाळे आलं. नंतर.

---

शब्दवेडा | 2 डिसेंबर, सकाळी 9:40

या वेळेला मराठीत शब्द काय? मी सकाळपासून शोधतोय.

रखडते ती गाडी किंवा काम. खोळंबतो तो माणूस, दुसऱ्या कुणामुळे तरी. ताटकळण्यात पाय दुखतात. तिष्ठणं तर मुळातच संस्कृतातलं उभं राहणं, आणि ते बहुतेक कुणा मोठ्याच्या दारात. पण 'उशीर होऊ नये म्हणून आधीच देऊन टाकलेला वेळ' याला शब्द नाही. राखीव वेळ म्हणावं तर ते डब्यासारखं वाटतं, आपल्यासाठी जागा धरून ठेवल्यासारखं.

मी सुचवतो: आगाऊ वेळ. भाडं आगाऊ भरतो तसा हा वेळ आगाऊ भरायचा. आणि तो दुसऱ्या अर्थानेही आगाऊ आहेच!

---

आळशी_बोका | 2 डिसेंबर, सकाळी 9:52

आगाऊ वेळ. मंजूर. शिक्का मारा.

---

वाघबीळकर | 2 डिसेंबर, दुपारी 1:15

आगाऊ वेळ! वहीत रकान्याला हेच नाव दिलं. शब्दवेडा, चहा लागू.

रिबिनवाली ताई, तुमचा प्रतिसाद रात्री बायकोला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती.

---

तळोजा_फेज_वन | 2 डिसेंबर, रात्री 8:30

तुम्ही मिनिटांचं बोलताय, मी वर्षांचं बोलतो.

बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन 1 मे 2011 ला झालं. त्या भरवशावर आम्ही इकडे घर घ्यायचं ठरवलं. मेट्रो धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. अकरा स्टेशनं, अकरा किलोमीटर, साडेबारा वर्षं. दिघा गाव स्टेशन आठवतंय ना? बांधून तयार, फलाट, पाट्या सगळं, आणि आपण महिनोन् महिने गाडीतून बघत त्याच्यावरून जायचो. ते सुरू झालं 12 जानेवारी 2024 ला.

पण मला सांगायचंय ते घराचं. बिल्डरचं नाव घेत नाही. सेल्समनने तोंडी सांगितलेली ताब्याची तारीख आणि करारनाम्यात छापलेली तारीख यांत दीड वर्षाचं अंतर होतं. सही करताना विचारलं तर म्हणाला, "ती सर, सेफ्टीसाठी असते." बघा, आगाऊ वेळ बिल्डरसुद्धा धरतो. फरक एवढाच की त्याचा कागदावर येतो आणि कायद्याने तीच तारीख खरी. त्यावरही उशीर झाला तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 18 आहे, ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं, महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या एमसीएलआरवर (म्हणजे बँकेचा कर्जाचा मूळ दर) आणखी दोन टक्के. पण ते व्याज छापील तारखेपासून. सेल्समनच्या तारखेपासून आम्ही भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट संपवून बसलो होतो त्याचं काय? घरमालकाने नवीन अकरा महिन्यांना भाडं वाढवून घेतलं. भाडं आणि हप्ता दोन्ही 26 महिने भरले.

घर घेणाऱ्यांनो, तोंडी तारीख वहीत लिहू नका. छापील बघा.

---

शिस्तप्रिय | 2 डिसेंबर, रात्री 8:47

नवी मुंबई विमानतळाचंही सांगा की. 2007 ला केंद्राची मंजुरी, उद्घाटन यंदा 8 ऑक्टोबरला, आणि विमान म्हणे 25 डिसेंबरला उडणार.

---

सहावा_डबा | 2 डिसेंबर, रात्री 8:55

शिस्तप्रिय काका, तुम्हीपण तक्रार करायला लागलात? :D

पण खरं सांगू, मला सांगून केलेला खोळंबा चालतो. मे 2024 अखेरीला ठाण्याचा पाच नंबर फलाट रुंद करायला 63 तासांचा ब्लॉक घेतला होता. आधी जाहीर केला होता. मी सरळ सुट्टी टाकून गावाला गेलो, आंबे खाल्ले, सोमवारी परत. त्या 63 तासांतलं एक मिनिट माझं गेलं नाही. आणि रोजचं "तांत्रिक कारणामुळे" नुसतं सात मिनिटं असतं, पण ते कधी येईल ठाऊक नसतं म्हणून मी रोज वीस मिनिटं आधी निघतो.

---

मोरा_बंदर | 3 डिसेंबर, दुपारी 3:20

सहावा डबा यांच्या बोलण्यावरून आठवलं. मी उरणची. आता नेरुळला असते.

आमच्याकडे रेल्वे 1996-97 मध्ये मंजूर झाली होती. खारकोपरपर्यंत 2018 ला आली, उरणला 12 जानेवारी 2024 ला. पण माझं लहानपण लाँचचं. उरणच्या मोरा बंदरातून मुंबईत भाऊच्या धक्क्याला. मोऱ्याला गाळ फार, ओहोटीला पाणी उतरलं की लाँच लागत नाही. मग धक्क्यावर बसायचं. मासळीच्या पाट्या, ओली बर्फाची पोती, कुणाचं कोर्टाचं काम, कुणाची केईएममधली तारीख.

आणि गंमत म्हणजे कुणी घड्याळाकडे बघत नसे. वडील निघायच्या आधीच सांगत. तिथीला पाऊणपट करायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमी, आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. उद्या पौर्णिमा, पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. थोडं मागेपुढे. त्यातून सहा तास वजा करा की ओहोटी, त्या आसपास धक्क्यावर जायचं नाही. शेजारचा कुणी घाईने निघाला की म्हणायचे, "आता पानी नाय, दोनला ये." आणि तो खरंच घरी जाऊन जेवून यायचा.

रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आमची लाँच रोजच 'लेट' असायची. पण किती लेट ते पंचांगात छापलेलं होतं. आता नेरुळहून ऑफिसला जाताना मी शब्दवेडांचा आगाऊ वेळ रोज धरते, मोऱ्याला तो कधी धरावा लागला नाही. (वादळ आलं की बात वेगळी. तेव्हा लाँचच बंद, आणि सगळे घरी.)

---

शब्दवेडा | 3 डिसेंबर, दुपारी 3:44

तिथीचा पाऊणपट! वाचनखूण साठवली.

---

मीटर_डाऊन | 4 डिसेंबर, पहाटे 1:10

नमस्कार. मी रिक्षा चालवतो, बारा वर्षं झाली. घोडबंदर पट्टा. नुसता वाचत असतो, आज लिहितो.

वाघबीळकर भाऊ, 17 तारखेला तुम्हाला रिक्षा मिळाली नाही ना? सांगतो मी कुठे होतो. 16 ला रविवारी मुख्य गॅस वाहिनीला नुकसान झालं, मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे पंपावर प्रेशर नाही. मी रात्री साडेअकराला लाइनीत लागलो. पुढे गाड्या पूल उतरून वळणापर्यंत. रिक्षा बंद करून हाताने ढकलायची, चार पावलं, परत थांबायचं. मागच्या सीटवर झोपलो तर मागचा हॉर्न मारून उठवतो. पहाटे पावणेचारला नंबर आला, प्रेशर इतकं कमी की टाकी निम्मी. सकाळचा धंदा त्या निम्म्या टाकीवर.

तो दिवस सोडा, तो जगावेगळा होता. रोजचंच सांगतो. लोक म्हणतात रिक्षावाल्याला वाट बघायचे पैसे मिळतात. बरोबर आहे, मीटर टाकला की सिग्नलला उभा राहिलो तरी वेटिंग पडतं. पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, फेब्रुवारी 2025 पासून. पण मीटर टाकायच्या आधीचं वेटिंग कुणाच्या मीटरात पडतं? गॅसची लाइन, स्टँडची लाइन, शाळेच्या पोरांना घ्यायला गेटबाहेर पंधरा मिनिटं आधी उभं राहणं. ते सगळं माझं.

आणि शिस्तप्रिय साहेब, आम्हीपण वेळेवरच निघतो.

---

शिस्तप्रिय | 4 डिसेंबर, सकाळी 6:30

मीटर डाऊन, मान्य. माझ्या पहिल्या प्रतिसादातला चहाचा टोमणा मागे घेतो. वक्तशीरपणाचं मागे घेत नाही.

---

रिबिनवाली | 4 डिसेंबर, सकाळी 10:05

"मीटर टाकायच्या आधीचं वेटिंग कुणाच्या मीटरात पडतं" हे मी साहेबांना ऐकवणार आहे. दादा, उधार घेते हं.

आणि वाघबीळकर, एक विचारू का? तुम्ही टपरीवर ती तेहतीस मिनिटं करता काय?

---

वाघबीळकर | 4 डिसेंबर, रात्री 9:50

काही करत नाही हो, तेच तर. घरी असतो तर पोराची वेणी... नाही, पोरगा आहे, डबा भरायला मदत केली असती. तिथे पुस्तक उघडावं म्हटलं तर मन लागत नाही, कारण मनाने अजून मी पातलीपाड्यालाच असतो. टपरीवाला आता न विचारता कटिंग देतो. तो म्हणतो, "साहेब, तुम्ही आलात की मला कळतं नऊ वाजले." म्हणजे माझ्या आगाऊ वेळेचा उपयोग एवढाच.

या आठवड्यात प्रयोग केला. मंगळवारी, बुधवारी वीस मिनिटं उशिरा, आठ पाचला निघालो. दोन्ही दिवस मस्त. पोराला बसपर्यंत सोडलं, तरी नऊ वीसला ऑफिसात. म्हटलं जिंकलो. आज परत आठ पाच. मानपाड्याच्या अलीकडे सगळं ठप्प. पुढे काय झालंय कुणालाच माहीत नाही. मेट्रोच्या खांबाखाली पस्तीस मिनिटं उभा. तो खांब मला पाठ झालाय, त्यावर कुणीतरी "ॐ" आणि त्याखाली पाण्याच्या टँकरचा नंबर लिहिलाय. सप्टेंबरमध्ये याच मार्गावर मेट्रोची चाचणी झाली तेव्हाही मी खाली रस्त्यावर असाच उभा होतो. आज पंच 9:52. लेटमार्क.

उद्यापासून परत पावणेआठ.

---

चौकट_राजा | 4 डिसेंबर, रात्री 10:20

तीन दिवसांत एक वाईट निघाला म्हणून गणित बदलत नाही हां. दोन दिवसांची चाळीस मिनिटं मिळवलीत, एका दिवशी बावीस घालवलीत. निव्वळ नफा आहे.

---

वाघबीळकर | 4 डिसेंबर, रात्री 10:24

राजे, एचआरला गणित कळत असतं तर. त्यांना चाळीस दिसत नाहीत, बावीस दिसतात.

---

मीटर_डाऊन | 5 डिसेंबर, रात्री 12:40

भाऊ, मी सकाळी आठ वाजून दहाला वाघबीळ नाक्यालाच असतो. शाळेची पोरं सोडून मोकळा होतो. सर्व्हिस रोड कुठून मोकळा आहे, कुठे आत घालायची, तेवढं रोजच्या रोज कळतं आम्हाला, आमचा ग्रुप आहे. आठ-दहाला या, स्टेशनला सोडतो. मीटरने. सोमवारपासून?

---

वाघबीळकर | 5 डिसेंबर, सकाळी 7:41

नक्की येतो. आठ-दहा ठरलं.

मी आठलाच येऊन थांबतो.